एकट्याचा सॅक्सोफोन

परवा शनिवारी शिकागोच्या साऊथ साइडला, म्हणजे तिथल्या ब्लॅक वस्तीत, एका चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये सॅक्सोफोनवर जॅझ ऐकला. साथीला ना पियानो, ना ड्रम्स, ना बास. साठीचा एक माणूस आणि त्याच्या गळ्यातला आल्टो सॅक्सोफोन, बस्स. सव्वा तास. अजून कानातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसले.

आल्या आल्या त्याने सूर लावलाच नाही. रीड, म्हणजे फुंकायच्या टोकाची वेताची पट्टी, तोंडात धरून ओली करत उभा राहिला, गळ्यातला पट्टा सारखा केला आणि नुसतीच बटणं दाबायला लागला. फुंक नाही, फक्त बटणांखालच्या चकत्यांचा टप टप आवाज. हॉल गप्प झाल्यावर खालचा एक सूर आला आणि तिथून तो गंधाराकडे गेला. कोमल म्हणावा तर तो नाही, शुद्ध म्हणावा तर तोही नाही, दोघांच्या मधे कुठेतरी. ब्लूजचा, म्हणजे जॅझच्या मुळाशी असलेल्या ब्लॅक लोकांच्या गाण्याचा, सगळा जीव त्या जागेत आहे. त्या एवढ्याशा जागेभोवती तो कितीतरी वेळ घुटमळत राहिला.

पहिल्या रांगेत जांभळी टोपी घातलेल्या एक आजी होत्या. त्या मोठ्याने म्हणाल्या, ‘टेक युअर टाइम!’ इथल्या ब्लॅक चर्चमध्ये प्रवचन देणाऱ्याला असंच म्हणतात. घाई करू नकोस बाबा, आम्ही बसलोय. त्याने डोळे उघडले नाहीत, पण पुढची ओळ आजींना उत्तर दिल्यासारखी वाजवली. मागून कुणीतरी ‘यस’ म्हणालं. त्यालाही उत्तर मिळालं. साथीला कुणी नाही असं मला वाटत होतं, ते तिथेच संपलं. साथ समोर खुर्च्यांवर बसली होती.

शेवटाकडे त्याने एक सूर धरला तो सोडेचना. गालात साठवलेली हवा बाहेर ढकलत असतानाच नाकाने श्वास घ्यायचा, म्हणजे सूर तुटत नाही. आपल्याकडचे सनईवालेही हे करतात. सॅक्सोफोनच्या तोंडातून पाण्याचे थेंब बुटावर पडत होते आणि सूर चालूच होता.

परतताना गाडीत मी ब्लॅक संगीताबद्दल बोलत होते, तर एक मित्र म्हणाला, ‘छान होतं, पण सारखं ब्लॅक ब्लॅक कशाला? संगीताला रंग नसतो.’ मित्र मनाने चांगला आहे, पण हे वाक्य मला पटलं नाही आणि पटणारही नाही.

किशोरीताईंचं गाणं ऐकताना आपण मोगूबाईंचं नाव घेतो, अल्लादियाखाँसाहेबांचं नाव घेऊन कानाची पाळी धरतो. घराण्याचं नाव गाळलं तर आपल्याला राग येतो. मग हे जॅझ ज्यांनी घडवलं, त्यांचंच नाव तेवढं जड का व्हावं? न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या ब्लॅक वस्तीतल्या कॉटन क्लबमध्ये वाजवणारे ब्लॅक आणि ऐकणारे फक्त गोरे, असा कारभार होता. या शिकागोत वादकांच्या युनियनसुद्धा दोन होत्या, गोऱ्यांची वेगळी, ब्लॅक वादकांची वेगळी. त्या एक झाल्या १९६६ मध्ये! रंग संगीताला नसेल, पण दाराला होता.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९६५ मध्ये, साऊथ साइडच्या वादकांनी एएसीएम (असोसिएशन फॉर द अ‍ॅडव्हान्समेंट ऑफ क्रिएटिव्ह म्युझिशियन्स) ही आपली संस्था काढली. दुसऱ्यांची गाणी नकोत, स्वतःची रचना वाजवा, आणि वस्तीतल्या पोरांना शिकवा. कोलमन हॉकिन्स या सॅक्सोफोनवाल्याने १९४८ मध्येच साथीशिवाय तीनेक मिनिटांची एक तबकडी केली होती, पण अख्खा अल्बम एकट्या सॅक्सोफोनवर उभा केला तो एएसीएमच्याच अँथनी ब्रॅक्स्टनने. तो १९७१ मध्ये आला.

आणि रॉस्को मिचेल, एएसीएमचाच दुसरा सॅक्सोफोनवाला! १९७६ मध्ये स्वित्झर्लंडच्या विलिसाऊला ब्रॅक्स्टनच्या ऐवजी तो उभा राहिला. लोकांना ब्रॅक्स्टन हवा होता, त्यांनी हुर्यो केली. मिचेलने एक छोटासा तुकडा घेतला आणि तोच वाजवत राहिला. पुन्हा. पुन्हा. मिनिटांमागून मिनिटं. हुर्यो थकली, तो थकला नाही, आणि मग त्याच लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते ध्वनिमुद्रण मिळतं, जरूर ऐका. कानाला बोचतं. बोचू द्या.

आपल्यावरही या लोकांचं ऋण आहे. १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी हा अमेरिकन वादक आपला ब्लॅक बँड घेऊन मुंबईच्या ताजमध्ये आला. मागून टेडी वेदरफर्ड आला, तो शिकागोत नाव कमावलेला पियानोवाला. त्यांचं ऐकून, त्यांच्याबरोबर वाजवून आपले गोव्याचे वादक तयार झाले आणि तेच पुढे सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गेले. ‘अलबेला’त सी. रामचंद्रांच्या संगीतावर भगवानदादा नाचतात, त्यात ट्रम्पेट घेतलेला चिक चॉकलेट दिसतो. तो गोव्याचा अँटोनियो झेवियर वाझ. त्याला अमेरिकेच्या थोर ट्रम्पेटवाल्यावरून भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. आपण ‘अलबेला’च्या गाण्यांवर वरातीत नाचलोय.

शनिवारची ती मैफल संपल्यावर तो सॅक्सोफोनमधून फडकं ओढत बसला होता, तेव्हा मी त्याला हे सांगितलं. तुमच्या शिकागोचा वेदरफर्ड आमच्या मुंबईत वाजवायचा, आणि १९४५ मध्ये कलकत्त्यात वारला. त्याने फडकं बाजूला ठेवलं. ‘कुठे?’ म्हणाला. मी पुन्हा सांगितलं, सावकाश. त्याने रीडची रिकामी डबी उलटी केली आणि खिशातल्या पेनने तिच्यावर लिहिलं : कलकत्ता, १९४५.