दहा मिनिटांचं काम

पुण्यात घरच्या हार्ड डिस्कवरचे फोटो सांगलीला सासुरवाडीत बसून दाखवावेत, एवढीच माझी हौस. ऑफिसातला पोरगा म्हणाला, "राउटरवर वायरगार्ड टाका सर. व्हीपीएन सर्व्हर तयार, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये शिरायचा खासगी बोगदा. दहा मिनिटांचं काम." ती दहा मिनिटं शनिवारी दुपारी सुरू झाली आणि रविवारी रात्र झाली तरी चालूच होती.

वायरगार्डमध्ये किल्ल्या असतात. राउटरला दोन, लॅपटॉपला दोन, एकेक ४४ अक्षरांची. खासगी आपल्याजवळ ठेवायची, सार्वजनिक समोरच्याला द्यायची. मी लॅपटॉपची लॅपटॉपलाच दिली. बरं, चुकलं तर सांगावं ना? हा गडी बोलतच नाही. अनोळखी किल्लीला उत्तरच द्यायचं नाही, अशी त्याची घडण. आत कोणी आहे हेसुद्धा बाहेरच्याला कळता कामा नये! दुपारी दीड वाजता आमच्या आत्याचं दार वाजवावं, तसं.

किल्ल्या सुधारल्या, राउटरवर वायरगार्डचं दार, म्हणजे ५१८२० नंबरचा पोर्ट उघडला, तरी सामसूम. दर रीस्टार्टला आतून आईचा आवाज, "गेलं रे परत! सासूनं नुकतं कपाट उघडलं होतं!"

रात्री अकराला लक्षात आलं की राउटरचा बाहेरचा पत्ता १००.७२ पासून सुरू होतोय. म्हणजे पत्ता माझा नव्हेच. इंटरनेट कंपनीनं अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता दिलेला. आतून बाहेर जाता येतं. बाहेरून कोणी आलं तर ते कुणाकडे आलंय हे गेटवर कळत नाही. दोन दिवस मी माझ्या दाराला कडीकुलपं करत होतो आणि रस्ता दारापर्यंत येतच नव्हता.

कस्टमर केअरला फोन केला.

"सर, नेट चालू आहे ना?"

"आहे."

"मग प्रॉब्लेम काय आहे?"

याला उत्तर नव्हतं. स्टॅटिक आयपीचे, म्हणजे कायमच्या स्वतःच्या पत्त्याचे, वेगळे पैसे भरले. मोबाइल डेटावरून जोडलं, आणि 'हँडशेक: ३ सेकंदांपूर्वी' अशी ओळ उमटली, म्हणजे दोन्ही टोकांची ओळख पटली. आईला उठवून दाखवली. ती "बरं" म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

पुढच्या शनिवारी सांगली. लॅपटॉप उघडला, हँडशेक झाला, डिस्क मात्र दिसेना. म्हटलं, घरचा राउटर अडकला असेल. राउटरचा आतला पत्ता १९२.१६८.१.१ टाकला, ओळखीचं पान आलं, पासवर्ड घातला, रीस्टार्ट दाबलं.

बाहेरच्या खोलीतून मामा ओरडले, "अहो जावईबापू, नेट गेलं! शेवटची ओव्हर होती!"

मग उजेड पडला. त्यांचा राउटर गेल्या दिवाळीत मीच बसवलेला. तीच कंपनी, तोच पासवर्ड, आतल्या पत्त्याचे आकडेही तेच १९२.१६८.१. पुण्याचा बोगदा उघडा असताना लॅपटॉप सरळ शेजारच्या खोलीत गेला होता.

मी गंभीर चेहऱ्यानं बाहेर आलो, राउटरला उगाच हात लावला आणि दिवे हिरवे व्हायची वाट पाहत उभा राहिलो. दोन मिनिटांत नेट आलं.

"बरं झालं बाई, तुम्ही इथं होतात ते," सासूबाई म्हणाल्या आणि चहा ठेवायला गेल्या.