काका, पुतण्याचं पगारपत्रक बघा

नमस्कार काका,

बेकारी भत्ता बिनदिक्कत घ्यावा असं मी लिहिलं, त्यावर तुम्ही चिडून लिहिलंत: "हातपाय धड असताना सरकारचं फुकट खायला लाज वाटत नाही? ब्याऐंशीच्या गिरणी संपात आमच्या चाळीतल्या लोकांनी भाजी विकली, कुणापुढे हात पसरला नाही. माझा पुतण्याही महिन्याभरापासून घरी आहे, त्याला मी असलं काही सांगणार नाही."

लाज वाटली हो. चाकणच्या कारखान्यातून कमी केल्यावर भत्ता खात्यात जमा झाला, तेव्हा आईला मी पीएफचे पैसे आलेत असं सांगितलं. पीएफ म्हटलं की कष्टाचे, भत्ता म्हटलं की फुकटचे! दोन्ही एकाच पगारपत्रकातून कापले जातात हे मला तेव्हा सुचलंच नाही.

पगार 18,000 धरा. ईएसआय म्हणजे कामगार राज्य विमा, त्यासाठी कामगाराचे 0.75 टक्के म्हणजे 135 रुपये कापतात, मालक 3.25 टक्के म्हणजे 585 भरतो. महिन्याला 720. पाच वर्षांत 43,200 झाले. यात दवाखाना, आजारपणाची रजा सगळं आलं, नुसत्या भत्त्यासाठी नाही, हे कबूल. पण ईएसआयच्या बेकारी भत्त्यातून, म्हणजे अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेतून, मिळतं किती? सरासरी रोजच्या कमाईच्या निम्मं, म्हणजे साधारण 300 रुपये, आणि तेही अख्ख्या आयुष्यात मिळून जास्तीत जास्त 90 दिवस. 2020 पूर्वी तर पाव हिस्साच होता. एवढ्यावर कोण आळशी होतो, मला दाखवा. नवी नोकरी लागूनही भत्ता चालू ठेवणारा चोर आहे, तिथे मी तुमच्याच बाजूने.

आता गिरण्यांचं. त्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार होते. ईएसआय कायदा 1948 चा, पण नोकरी गेल्यावर भत्ता द्यायची सोय त्यात 2005 पर्यंत नव्हती. तीही कारखाना बंद पडला, कामगार कपात झाली किंवा कायमचं अपंगत्व आलं तरच. म्हणजे गिरण्या बंद पडल्या तेव्हा तुमच्या चाळीतल्या लोकांनी भत्ता नाकारला नाही, तो नव्हताच. त्यांनी भाजी विकली याचा मला अभिमान वाटतो, पण ते हाल पुन्हा मुद्दाम कशाला काढायचे?

आणि एक, जरा आडवळणाने. आपल्या पगारातून व्यवसाय कर जातो ना, महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300? तो 1975 साली रोजगार हमीसाठी म्हणून लावला. शहरातल्या नोकरदाराने भरायचा, दुष्काळी गावातल्या मजुराला काम मिळायचं. काम मागून पंधरा दिवसांत दिलं नाही तर बेकारी भत्ता द्यायचा, असं त्या हमीच्या कायद्यातच होतं. तुमच्याही पगारातून तो वर्षानुवर्षं गेला असेल. त्या मजुराला तुम्ही कधी फुकट्या म्हणालात का?

राहिला पुतण्या. त्याच्या जुन्या पगारपत्रकावर ईएसआयची ओळ आहे का तेवढं बघा. असेल, दोन वर्षं तरी काम झालं असेल आणि त्याने स्वतःहून सोडलं नसेल, तर महिना उलटल्यामुळे आता अर्ज करता येतो. आधार आणि बँक खातं ईएसआयला जोडलेलं लागतं. योजनेची मुदत मधूनमधून वाढवतात, त्यामुळे आधी जवळच्या शाखेत विचारून घ्या. माझा अर्ज खात्याच्या नंबरात एक आकडा चुकल्यामुळे तीन आठवडे अडकला होता, तेवढं त्याला नीट बघायला सांगा.