‘बाजारात तुरी’ : एका प्रतिक्रियेला लांबलेलं उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा निम्मी पटली. उरलेल्या निम्म्यासाठी हे उत्तर आहे, आणि ते खालच्या चौकटीत मावेना म्हणून इथे वेगळं टाकतोय.

बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडी पार्श्वभूमी. मी ‘एक्झोडस’ या येऊ घातलेल्या गेमबद्दल लिहिलं होतं. आर्केटाइप एंटरटेनमेंटचा हा गेम डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर झाला आणि २०२७ च्या सुरुवातीला येणार असं सांगितलं गेलंय. अंतराळातली गोष्ट आहे आणि कॅमेरा खांद्यामागे. बंदूकही चालवायची आणि साथीदारांशी बोलून निर्णयही घ्यायचे, म्हणजे शूटर (नेमबाजीचा गेम) आणि आरपीजी (पात्र घडवत, निर्णय घेत गोष्ट पुढे नेण्याचा गेम) दोन्ही. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं : गेम अजून बाजारात नाही आणि तुम्ही गुडघ्याला बाशिंग बांधून बसलात, ‘मास इफेक्टवाली माणसं’ (त्या जुन्या अंतराळ-गेमची टीम) हा काही पुरावा नव्हे, ट्रेलर म्हणजे जाहिरात, आणि मुळात शूटर आणि आरपीजी म्हणजे आवळ्याभोपळ्याची मोट, हाती धड नेमबाजी लागत नाही, धड गोष्टही नाही. वर माझ्या लेखात ‘अद्भुत’ हा शब्द चार वेळा आलाय असं मोजूनही दाखवलंत.

मीही मोजलं. पाच वेळा आलाय.

नावांचा मुद्दा सपशेल मान्य. उलट मी तिथे लिहिलं होतं त्यापेक्षा परिस्थिती जास्त नाजूक आहे. आर्केटाइप उभी करणारे जेम्स ओलेन हे ‘बाल्डर्स गेट’ या आरपीजीचे मुख्य डिझायनर, त्यांच्या नावापुढे ‘मास इफेक्ट’ चिकटवणं ही माझी घाई. मास इफेक्टच्या पहिल्या भागाचे मुख्य लेखक ड्रू कारपिशिन या प्रकल्पात आले, तेवढा धागा खरा. पण धागाच तो. ज्या बायोवेअर कंपनीने मास इफेक्ट घडवला तिनेच २०१९ मध्ये ‘अँथम’ आणला. २०१७ साली तो पहिल्यांदा दाखवला तेव्हा लोकांचे डोळे विस्फारले होते, आणि जानेवारी २०२६ मध्ये त्याचे सर्व्हर बंद झाले. फक्त ऑनलाइन चालणारा गेम, म्हणजे सर्व्हर गेला की गेमच गेला. तुम्ही हे उदाहरण दिलं नाहीत, पण द्यायला हवं होतं. आणखी एक देतो. २००० साली आयन स्टॉर्म या एकाच कंपनीच्या दोन कार्यालयांतून एका महिन्याच्या अंतराने दोन गेम आले. डॅलसमधून ‘डाइकाटाना’, जो वर्षानुवर्षं डंका पिटून आला आणि तोंडावर आपटला. ऑस्टिनमधून ‘डेअस एक्स’, शूटर आणि आरपीजीची मोट बांधणारा, ज्याबद्दल आपण आज पंचवीस वर्षांनीही भांडतोय. दारावर पाटी एकच होती. तेव्हा पाटी बघून आशा धरू नये, हे कबूल.

आता मोटेचा मुद्दा. इथे मात्र मी तुम्हाला सोडणार नाही.

तुम्ही लिहिलंत की डेअस एक्स तुम्ही पहिल्याच मोहिमेत बंद केला, कारण ‘समोर दहा पावलांवर उभ्या माणसाला गोळी लागत नाही’. बरोबर आहे, लागत नाही. लिबर्टी आयलंडवर उतरलात, पिस्तूल काढलंत, तर क्रॉसहेअरच्या (पडद्यावरच्या नेमाच्या खुणेच्या) रेषा ऐसपैस फाकलेल्या असतात. स्थिर उभं राहिलं की त्या हळूहळू आत येतात. जरा हललात की पुन्हा फाकल्या. पिस्तुलाचं कौशल्य वाढवलं तर त्या झटकन मिटतात. रायफल शिकलेलाच नसलात तर दुर्बिणीतून दिसणारा पहारेकरी बोटीत बसल्यासारखा डुलतो. म्हणजे तुमचा हात कितीही तयार असो, खेळातलं पात्र शिकाऊ आहे आणि खेळ पात्राची बाजू घेतो. शूटर खेळून आलेल्याला हा अपमान वाटतो. मलाही वाटला होता.

या सगळ्या जातीच्या गेमांचं मूळ दुखणं हेच : गोळी लागली की नाही, हे कोण ठरवणार? खेळणाऱ्याचा हात की पात्राच्या कागदावरचे आकडे? प्रत्येकाने वेगळी तोड काढली. ‘फॉलआउट ३’ने वेळ थांबवली आणि डोकं, हात, पाय यांच्यावर टक्के लिहिले, म्हणजे फासे टाकणं उघडउघड मान्य केलं. ‘अल्फा प्रोटोकॉल’ने फासे लपवले, मग नेम डोक्यावर आणि गोळी भलतीकडे, आणि लोकांनी त्याला फाडून खाल्लं. बॉर्डरलँड्सने हात मोकळा सोडला आणि आकडे बंदुकीत घातले. तिथे नेम सर्वस्वी तुमचा. पण विजेची बंदूक शिल्ड (अंगाभोवतीचं ऊर्जाकवच) उतरवते, आम्लाची चिलखत खाते, आगीची अंगाला झोंबते, त्यामुळे डोकं चालवावं लागतं ते पाठीवर कोणत्या चार बंदुका ठेवायच्या यासाठी. आणि शत्रूच्या अंगातून लाह्यांसारखे आकडे उडतात. मला तो गेम तासभर फार आवडतो. तासानंतर मी बंदुका खेळत नसतो, दोन बंदुकांची तुलना करणारा कारकून झालेलो असतो.

मास इफेक्टचा प्रवास तर तुमच्याच बाजूची साक्ष आहे. २००७ च्या पहिल्या भागात बंदूक डगमगायची, गोळ्या संपायच्या नाहीत पण बंदूक तापायची, आणि सामानाची यादी उपसता उपसता जीव जायचा. २०१० च्या दुसऱ्या भागात यादीच काढून टाकली, नेमबाजी सुधारली, आणि लगेच जुने आरपीजीवाले ओरडले की आमचा गेम शूटर करून टाकला. एकाला खूश करावं तर दुसरा रुसतो. इथवर तुमचं ‘धड ना इकडचं ना तिकडचं’ मला खोडता येत नाही.

पण तुम्ही पहिल्याच मोहिमेत उठून गेलात, आणि मला जे सांगायचंय ते त्याच्या बऱ्याच पुढे आहे.

डेअस एक्समध्ये पुढे एका विमानात तुम्ही शिरता. आत लेबेदेव नावाचा माणूस आहे, ज्याला दहशतवादी म्हणून तुम्हाला शोधायला पाठवलंय. तो लढत नाही, शरण येतो आणि बोलायला लागतो. तुमच्यासोबत तुमचीच सहकारी आहे, अॅना नावाची. ती म्हणते, याला मार. इथे पडद्यावर ‘पर्याय एक, पर्याय दोन’ अशी यादी येत नाही. तुमच्या हातात नेहमीची बंदूक आहे, समोर तो आहे, बाजूला ती आहे. तुम्ही त्याला गोळी घालू शकता. काहीच न करता घुटमळत राहिलात तर ती घालते. आणि तिसरी गोष्ट, जी पहिल्यांदा खेळताना मला सुचलीच नव्हती : बंदूक तिच्याकडे वळवता येते. खेळ त्याला ‘चूक’ म्हणत नाही, मोहीम फसली असं सांगत नाही. तो ते ऐकून घेतो, आणि पुढे लोक त्याबद्दल बोलतात.

मोट जमली की असं होतं. ट्रिगर हाच शब्द होतो. निव्वळ शूटरमध्ये ट्रिगर दाबला की समोरचा पडतो आणि विषय संपतो. निव्वळ संवादाच्या आरपीजीत आपण यादीतलं वाक्य निवडतो, म्हणजे निर्णय घेताना हात थंड असतात. या जातीच्या गेममध्येच असं होऊ शकतं की हातातलं शस्त्र तेच, बोट तेच, घाई तीच, आणि आपण जे केलं ते बोलणं म्हणून मोजलं गेलं.

मास इफेक्ट २ नेही हे थोडं साधलं होतं. संवाद चालू असताना मध्येच क्षणभर एक खूण चमकते, ती वेळ साधली तर पात्र काहीतरी करून मोकळं होतं. ओमेगा या अवकाशस्थानकावर कॅथ्का नावाचा एक मिस्त्री हवाई गनशिप दुरुस्त करत बसलाय. गप्पा मारता मारता खूण येते. दाबलीत तर त्याचंच विजेचं अवजार त्याच्या पाठीत. घाणेरडं कृत्य आहे, आणि कंट्रोलरवर ज्या ट्रिगरने एरवी गोळी सुटते त्यानेच ते होतं. पण थोड्या वेळाने तीच गनशिप तुमच्यावर चालून येते तेव्हा ती अर्धवट दुरुस्त असते आणि लवकर पडते. बोलताना केलेलं पाप लढताना कामी आलं. खेळाच्या दोन अर्ध्या भागांनी एकमेकांना ओळख दिली. अशा जागा मोजक्याच असतात, पण त्यांच्यासाठी मी बाकीचे पस्तीस तास माफ करतो.

आता एक्झोडसकडे. माझ्या लेखात मी यानं, शत्रू, ग्रह यांवरच इतकं लिहिलं की मूळ कारण शेपटीसारखं शेवटी लटकलं. तो दोष माझा. कारण हे : त्या गेमचा पाया कालविस्फारणावर आहे. प्रकाशाच्या जवळपास वेगाने प्रवास केला की प्रवाशाचा काळ सावकाश जातो. हे भौतिकशास्त्र आहे, लेखकाची सोय नव्हे. प्रकाशाच्या ९९ टक्के वेगाने जाणाऱ्या यानात एक वर्ष सरलं, की मागे राहिलेल्यांची सातेक वर्षं उलटलेली असतात. म्हणजे तुम्ही एका मोहिमेवर जाऊन परत यायचं, आणि तुमच्यासाठी गोष्ट कालची असताना गावाकडे पिढी बदललेली असायची. कुणाला वाचवलं, कुणाला सोडून दिलं, कोणतं तंत्र कुणाच्या हाती दिलं, त्याची फळं दशकांनी पिकलेली समोर येणार.

या जातीची जुनी अडचण अशी की गोळीचं उत्तर तत्काळ मिळतं आणि निर्णयाचं उत्तर उशिरा, म्हणून दोन्ही एका घरात राहूनही अबोला धरतात. इथे उशीर हाच खेळाचा नियम आहे. पहिल्यांदा कुणीतरी त्या अंतरावरच गेम उभा करायचं म्हणतोय. त्यांना ते जमेल असं मी म्हणत नाही. मोठी भीती आहे, आणि ती खर्चाची. निर्णयागणिक वेगळं शहर, वेगळी माणसं, वेगळे संवाद घडवणं म्हणजे असं काम, ज्यातलं बरंचसं प्रत्येक खेळणाऱ्याला दिसणारच नाही. स्वस्तातली वाट सोपी आहे : परत आल्यावर भिंतीवर दोन नवी पोस्टर, ओळखीच्या माणसाला पांढरी दाढी, आणि ‘तुम्ही गेल्यापासून फार बदललं हो’ असं एक वाक्य. तसं निघालं तर सगळ्यात आधी मीच इथे येऊन शंख करेन.

आणि म्हणूनच ट्रेलरबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, फक्त कारण वेगळं आहे. तुम्ही म्हणता ट्रेलर खोटं बोलतात. कधीकधी बोलतातही. पण या जातीच्या गेमचा ट्रेलर प्रामाणिक असला तरी अर्धवटच राहणार. नेमबाजी तीन मिनिटांत दाखवता येते. वीस तासांपूर्वी घेतलेला निर्णय अंगावर येतो तेव्हा काय वाटतं, ते तीन मिनिटांत कसं दाखवणार? त्यामुळे प्रत्येक ट्रेलर स्फोटांचा होतो आणि आपल्याला वाटतं, हा तर आणखी एक शूटर. किंवा स्फोट आवडतात आणि आपण उडी मारतो. सायबरपंक २०७७ हा गेम एप्रिल २०२० वरून सप्टेंबर, मग नोव्हेंबर, मग डिसेंबर असा सरकत आला, आल्यावर आठवडाभरात प्लेस्टेशनच्या दुकानातून उतरवला गेला तो पुढच्या जूनमध्येच परतला; आणि सप्टेंबर २०२३ च्या २.० पॅचने (मोठ्या सुधारणेने) कौशल्यांचं अख्खं झाड उपटून नव्याने लावलं. तीन वर्षांनी तो पुष्कळांना आवडला. यातून तुम्ही ‘थांबा’ हा धडा घेता. ठीक आहे. थांबायला माझी ना नाही. पण वाट बघणं आणि पैसे मोजणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत, आणि तुमच्या प्रतिक्रियेत त्या एक झाल्यात.

तुम्ही थेट विचारलंत, ‘प्री-ऑर्डर केलीत का?’ नाही. एकदा एका गेमची केली होती, नाव घेत नाही. पहिल्या रात्री तासाभरात माझं पात्र लिफ्टच्या फरशीतून आरपार खाली गेलं आणि पडतच राहिलं. मी चहा करून आलो तरी ते पडत होतं. तेव्हापासून प्री-ऑर्डर बंद. एक्झोडस आला की पंधरवडा थांबेन, लोकांचं वाचेन, मग घेईन. सगळ्यात आधी हे बघेन की मोहिमेच्या मध्यावर, संवादाची खिडकी उघडलेली नसताना, मी बंदूक खाली केली तर समोरच्याला ते कळतं का. बाकी ग्राफिक्स वगैरे नंतर.

लेखातले तीन ‘अद्भुत’ काढले आहेत. दोन राहू दिलेत, ते मला अजूनही तसेच वाटतात.

आणि हो, डेअस एक्सची ती सेव्ह फाइल अजून असेल तर एकदा विमानापर्यंत जाऊन या. पिस्तुलावर थोडे पॉइंट घाला, गोळी मारण्याआधी दोन श्वास स्थिर उभे राहा, पुरतं तेवढं. काय होणार ते मी वर फोडलंच आहे, त्याबद्दल माफी. पण तिथे पोचल्यावर तुम्ही बंदूक कुणाकडे वळवलीत, ते इथे येऊन सांगा.