स्नेव्हलिट म्हणे मॉस्कोचा नोकर!

परवापासून एक फॉरवर्ड फिरतोय, माझ्याच चार ग्रुपवर येऊन गेला. थोडक्यात म्हणणं असं की हेंक स्नेव्हलिट नावाचा एक डच माणूस मॉस्कोचा पगारी एजंट होता, मॉस्कोच्या हुकमावरून त्याने इंडोनेशिया आणि चीनमध्ये कम्युनिस्ट पक्ष काढले, जन्मभर वरून आलेली ऑर्डर पाळली, आणि हिटलरविरुद्ध तो काय नि त्याचे भाईबंद काय, उठले ते २२ जून १९४१ ला रशियावर हल्ला झाल्यावरच. खाली तळटीप, "खरा इतिहास वाचा". बरं, वाचू.

आधी इंडोनेशिया. हा माणूस रेल्वेतला. झ्वोल शहराचा पहिला समाजवादी नगरसेवक, मग रेल्वे-ट्राम युनियनचा अध्यक्ष, १९११ च्या खलाशांच्या संपावरून स्वतःच्याच पक्षातल्या लोकांशी वाजलं आणि १९१३ ला गेला जावाला, म्हणजे आजच्या इंडोनेशियात, तेव्हाच्या डच वसाहतीत. तिथे मे १९१४ मध्ये सुराबायाला त्याने आयएसडीव्ही ही समाजवादी संघटना काढली, हीच पुढे कम्युनिस्ट पक्ष झाली. आता १९१४ म्हणजे काय बघा, लेनिन परदेशात, रशियात झार गादीवर, कॉमिन्टर्न (जगभरच्या कम्युनिस्ट पक्षांची मॉस्कोतून चालणारी संघटना) निघायला अजून पाच वर्षं. हुकूम कोणी दिला, झारने? आणि पोटासाठी साहेब सेमारंगला व्यापाऱ्यांच्या संघटनेचे सेक्रेटरी, म्हणजे एका हाताने गोऱ्या शेठलोकांचा पत्रव्यवहार, दुसऱ्या हाताने रेल्वे कामगारांची युनियन (मला हा भाग भारी आवडतो). या युनियनमधूनच सेमाउन नावाचा कोवळा जावानीज पोरगा पुढे आला. मार्च १९१७ मध्ये रशियन क्रांतीचं स्वागत करणारा लेख लिहिला म्हणून स्नेव्हलिटवर खटला झाला, त्यातून सुटला, पण डिसेंबर १९१८ ला डच सरकारने त्याला वसाहतीतून हाकललंच. मे १९२० मध्ये संघटनेने कम्युनिस्ट हे नाव घेतलं तेव्हा अध्यक्ष सेमाउन होता आणि हा माणूस जावात नव्हताच.

चीनचं मात्र अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. १९२० च्या कॉमिन्टर्न काँग्रेसला तो 'मारिंग' या नावाने गेला, वसाहतींच्या प्रश्नावरच्या कमिशनचा सेक्रेटरी तोच. याच कमिशनमध्ये लेनिनचा मसुदा आणि आपल्या मानवेंद्रनाथ रॉयांचा मसुदा समोरासमोर आले होते. १९२१ ला कॉमिन्टर्ननेच स्नेव्हलिटला शांघायला पाठवलं, तेव्हा त्या दोन-अडीच वर्षांपुरतं एजंट म्हणा, हरकत नाही. पण पक्ष त्याने "काढला" नाही. चेन दूश्यू, ली दाझाव या चिनी मार्क्सवाद्यांचे गट १९२० पासून चालू होते. जुलै १९२१ च्या पहिल्या अधिवेशनात हा पाहुणा, माओ डझनभर प्रतिनिधींतला एक. एका संध्याकाळी कोणी अनोळखी माणूस आत डोकावून गेला, मारिंगला लगेच वास आला, त्याने सगळ्यांना पांगवलं, थोड्या वेळात फ्रेंच पोलीस हजर (शांघायचा तो भाग फ्रेंचांच्या ताब्यात होता). उरलेलं अधिवेशन जियाशिंगच्या तलावात नावेवर झालं. कम्युनिस्टांनी सन यत-सेनच्या राष्ट्रवादी पक्षात (कुओमिन्तांग) आत शिरून काम करावं ही लाइन त्याने रेटली, चिनी कार्यकर्त्यांना ती आवडली नव्हती, आणि १९२७ मध्ये त्याच पक्षाच्या च्यांग काय-शेकने शांघायला कम्युनिस्टांची कत्तल केली तेव्हा तिची किंमत कळली. टीका करायचीच तर इथे करा ना.

"जन्मभर ऑर्डर पाळली" हे तर कहरच. १९२७ ला त्याने डच कम्युनिस्ट पक्ष सोडला आणि १९२९ ला स्वतःचा वेगळा पक्ष काढला. १९३३ ला पगारकपातीवरून सुमात्राजवळ डच युद्धनौकेवर बंड झालं, सरकारने विमानातून बॉम्ब टाकून ते मोडलं, २३ जण मेले, बंडवाल्यांची बाजू घेतली म्हणून हा तुरुंगात, आणि तुरुंगात असतानाच संसदेवर निवडून आला! स्टालिनचा विरोधक ट्रॉट्स्की, त्याच्याशी जमलं, मग त्याच्याशीही फाटलं. मॉस्कोवाले त्याला शिव्या घालत होते, आणि आपला फॉरवर्ड त्याला मॉस्कोचा नोकर म्हणतोय.

राहिली २२ जूनची तारीख. मे १९४० मध्ये जर्मन हॉलंडमध्ये घुसले. स्नेव्हलिट भूमिगत झाला आणि त्याच वर्षी साथीदारांबरोबर मार्क्स-लेनिन-लक्झेंबर्ग फ्रंट हा गुप्त गट उभा केला, 'स्पार्टाकस' हे पत्र हे लोक लपूनछपून काढायचे. एकमेकांवर हल्ला न करण्याचा रशिया-जर्मनी करार तेव्हा चालू होता, म्हणजे "ऑर्डर" असती तर उलटी असती. मॉस्कोवाल्या अधिकृत पक्षाची भाषा सुरुवातीला गुळमुळीत होती हे खरं, पण अ‍ॅमस्टरडॅममध्ये सुमारे ४०० ज्यू पुरुषांना पकडून नेलं तेव्हा २५ फेब्रुवारी १९४१ चा संप पुकारला तो याच बंदी घातलेल्या पक्षाच्या लोकांनी, स्नेव्हलिटच्या फ्रंटनेही साथ दिली. ट्राम बंद, गोदी बंद. १३ मार्चला संपातल्या तीन कम्युनिस्टांना गोळ्या घातल्या. फेब्रुवारी, मार्च... जूनच्या आधीच येतात ना?

मार्च १९४२ मध्ये जर्मनांनी स्नेव्हलिटला पकडलं. १३ एप्रिलला आमर्सफोर्टच्या छावणीत साथीदारांसोबत त्याला गोळ्या घातल्या, 'इंटरनॅशनल' हे कामगार चळवळीचं गाणं गात गेले म्हणतात. वय ५८. त्या लांबलचक फॉरवर्डमध्ये तो कसा मेला याची एक ओळ शोधतोय मी, सापडली तर सांगा.