पुन्हा तीच काच!

तिसऱ्यांदा! ड्रायव्हरच्या बाजूची काच परत अर्ध्यावर अडकली. तीही रंकाळ्याजवळ, भर पावसात. मागची कड वर, पुढची खाली रुतलेली, आणि वरच्या फटीतून पाणी थेट मांडीवर.

उद्यमनगरातल्या गॅरेजात गाडी दोनदा नेली. दोन्ही वेळा एकच उत्तर, "मोटर गेलीया, बदलून टाका." अहो, मोटर कमजोर असली तर काच सावकाश चढेल, तिरकी कशी होईल? ती बिचारी गुरगुरत जोर लावतेय, काच खाचेत घासतेय. खाचेतलं रबर उन्हानं कडक झालंय, त्यात धूळ घट्ट बसलीय. दाराचं पॅड काढा, काच धरणारे बोल्ट सैल करा, काच पूर्ण वर नेऊन चौकटीत नीट बसवा, मग आवळा. खाच पुसून सिलिकॉन स्प्रे मारा. एवढंच! पण नाही, यांनी ग्रीस थापलं. ग्रीसला धूळ आणखी चिकटते, रबर खराब होतं, हे रोज गाड्या खोलणाऱ्याला मी सांगायचं?

वर पॅडच्या दोन क्लिपा तोडल्या त्या वेगळ्याच. आता प्रत्येक खड्ड्याला दार खडखडतंय. पैसे मात्र मोजून घेतले.