औली की गुलमर्ग? चिपळूणच्या ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही लिहिलंय की स्की शिकायला कुठे जावं हे सांगताना गुलमर्गच्या प्रेमापोटी मी उत्तराखंडातल्या औलीला एका ओळीत निकालात काढलं. तुमचं म्हणणं, तिथे स्कीचा सरकारी कोर्स आहे, कोकण रेल्वेवरून ऋषिकेशला थेट गाडी आहे, खर्च कमी येतो. दोन मुलं आणि सासूबाईंना घेऊन गुलमर्गच्या गंडोलाच्या, म्हणजे रोपवेच्या, रांगेत नि घोडेवाल्यांच्या गराड्यात तुम्हाला सुट्टी घालवायची नाही.

औलीला एका ओळीत संपवलं हे खरं आहे, आणि ती माझी चूक. पण मत बदललेलं नाही. आठ-नऊ दिवस हातात असलेल्या, पहिल्यांदाच स्की शिकायला निघालेल्या कोकणातल्या घराला मी आजही गुलमर्गच सांगेन. का, ते तेव्हाच लिहायला हवं होतं.

आम्ही आधी औलीलाच गेलो होतो. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची. ऋषिकेश ते औलीच्या पायथ्याचं जोशीमठ अडीचशे किलोमीटर, म्हणजे नकाशावर एका दिवसाचा रस्ता. पिपळकोटीच्या पुढे दरड आली आणि आमचा दुसरा दिवसही गाडीत गेला. परशुराम घाट पावसाळ्यात बंद पडतो तेव्हा काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. तिथे मात्र त्यात थंडीची भर, आणि परत फिरायला दुसरी वाट नाही. वर पोचलो तेव्हा बर्फावर घालवायला दोनच दिवस उरले होते.

त्या दोन दिवसांत काय घडलं ते सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं त्यातच आहे. आपण लहानपणापासून शेवाळलेल्या पाखाडीच्या दगडांवरून उतरत आलोय. उतार दिसला की अंग आपोआप मागे जातं आणि भार टाचेवर येतो. पाखाडीवर त्यानेच आपण वाचतो. स्कीवर नेमकं त्यानेच पडतो. तिथे नडगी बुटाच्या पुढच्या कडेवर दाबून, गुडघे वाकवून, उताराच्या दिशेने झुकावं लागतं. थांबायचं तर स्कीची टोकं जवळ आणि टाचा लांब, नांगराच्या फाळासारख्या. पहिला दिवस ते जड बूट घालून चालण्यात आणि पडून उठण्यात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी पहिल्यांदा स्वतःच्या जोरावर थांबली. मागे वळून आमच्याकडे बघत होती, हातमोज्यांवरचा बर्फसुद्धा झटकला नाही. त्याच्या पुढच्या सकाळी आम्ही सामान बांधून खाली निघालो. वळायला शिकण्याचा तिसरा दिवस तिला मिळालाच नाही. त्या परतीच्या रस्त्यावर ती फारशी बोलली नाही, ते मला अजून लागून राहिलंय.

म्हणून ठिकाण निवडताना मी एवढंच बघतो की बर्फावर तिसरा दिवस मिळतो का. चिपळूण किंवा रत्नागिरीहून रात्रीच्या गाडीने मुंबई, दुसऱ्या दिवशी विमानाने श्रीनगर, तिसऱ्या दिवशी सकाळी गुलमर्ग. शेवटचा रस्ता पन्नासेक किलोमीटरचा, त्यातला टंगमर्गच्या वरचा तेरा किलोमीटरचा चढ तेवढा बर्फाचा. ऋषिकेशची गाडी थेट आहे, पण आठवड्यातून एकदाच. तुमच्या सुट्टीचे दिवस तिच्या वाराशी जुळायला हवेत, आणि वर एखादी दरड आली तर परतीचीही हुकते. विमानाचा खर्च झेपत नसेल तर जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर रेल्वे सुरू झाली आहे. चिनाबवरचा ३५९ मीटर उंचीचा पूल आपल्या कोकण रेल्वेनेच उभा केलाय, त्यावरून जायची माझी स्वतःची फार इच्छा आहे. मात्र त्या वाटेने पैसे वाचले तरी दिवस जातील.

औलीचा कोर्स चांगला आहे, यात वाद नाही. गढवाल मंडल विकास निगम सात आणि चौदा दिवसांचे कोर्स घेतं. तुमची मुलं कॉलेजात गेली आणि तीन आठवडे मोकळे असले, तर मी स्वतःच त्यांना चौदा दिवसांसाठी औलीला पाठवा म्हणेन. शिस्तीत शिकवतात, आणि समोर नंदादेवी. पण जोशीमठची जमीन खचायला लागली तेव्हा, जानेवारी २०२३ मध्ये, तिथून औलीला जाणारा रोपवे बंद झाला. तो मिळेल असं धरून सासूबाईंचा बेत आखू नका.

गुलमर्गला शिकाऊ लोकांचा उतार गोल्फच्या मैदानावरच असतो, गावाला लागून. मुलं शिकतात आणि आजी कडेला खुर्ची टाकून कहवा घेत बघू शकतात. घोडेवाले, स्लेजवाले मागे लागतात, तुमची तक्रार रास्त आहे. आम्ही हॉटेलमार्फत तिन्ही दिवसांसाठी एकच शिकवणारा आधी ठरवला, दर फोनवरच पक्का केला, मग कोणी फारसं अडवलं नाही. गंडोलाचं तिकीट ऑनलाइन आधी काढा. पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, साधारण ३,०८० मीटर. दुसरा जवळजवळ ३,९५० मीटरवर नेतो. समुद्राकाठून निघून चौथ्या दिवशी सासूबाईंना तिथे नेऊ नका, आणि मुलांनाही स्की घेऊन नाही. आखलेल्या वाटांबाहेर फेब्रुवारी २०२३ मध्ये हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू गेले.

पहलगामचा उल्लेख तुम्ही केलात. एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या दहशतवादी हल्ल्यात मारले गेलेल्यांत आपल्या डोंबिवलीची माणसं होती. ज्या घराला त्यानंतर काश्मीर नको वाटतं, त्या घराशी मी वाद घालणार नाही. तसं असेल तर औलीला जा, फक्त तीन दिवस जास्त काढून.

नाताळच्या सुट्टीचं मात्र मनातून काढा, दोन्हीकडे. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग महिनाभर जवळजवळ कोरडं होतं. औलीची राष्ट्रीय स्पर्धा २०२३ मध्ये बर्फाअभावी रद्द झाली. फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा धरा आणि शाळेत आत्ताच सांगून ठेवा.

कपड्यांचं एक. मुलांना आतून सुती बनियन घालू नका. घामाने भिजलं की आपल्याकडे आषाढात दोरीवर वाळत नाही तसंच अंगावर ओलं राहतं, आणि मग हुडहुडी. गमबूट आणि लांब कोट टंगमर्गला भाड्याने मिळतात, पाणी न शिरणारे हातमोजे मात्र घरूनच न्या. माझ्या मुलीचे दोन जोड आहेत, आठ ते अकरा वर्षांच्या हाताला बसतील असे. तारखा ठरल्या की लिहा, चिपळूणला येणाऱ्या कोणाबरोबर तरी पाठवतो.