युनिव्हर्सल म्हणे!

आज सकाळी भर साखरपुड्यात मी गणपतीच्या सुपारीपुढच्या विड्यावरचा रुपया उचलला. विचारून उचलला, पण साठ पाहुण्यांनी बघितलं. नवरदेवाच्या आत्याबाईंनी तर असं बघितलं, जणू मी समईच घेऊन चाललोय.

झालं असं. दहाला मी तयार. खांद्यावर रिग, म्हणजे कॅमेरा पेलायचा सांगाडा, रिगवर मॉनिटर, कॅमेऱ्याखाली नवीकोरी क्विक रिलीज प्लेट, म्हणजे कॅमेरा ट्रायपॉडवर झटकन बसवायची पट्टी. शुक्रवारी कुरिअरने आलेली, खोक्यावर बोटभर मोठ्या अक्षरांत ‘युनिव्हर्सल’. तेवढ्यात मुलीचे मामा आले. “शूटिंगवाले, तुमचं ते अवजड काय ते खाली घ्या. मागे आजी बसल्यात, त्यांना काही दिसत नाही. स्टँडवर लावा की.” लावतो म्हटलं, मामा. दोन मिनिटं.

ट्रायपॉडचं हेड 501वालं, रुंद प्लेट घेणारं. नवी प्लेट निघाली आर्का मापाची. चिंचोळी. खोबणीत टाकली तर रिकाम्या डब्यात सुपारी वाजावी तशी खडखडते. म्हणजे आता ही काढून जुनी प्लेट लावायची. जुन्या प्लेटच्या स्क्रूला दुमडायची कडी होती, बोटाने फिरायची. या युनिव्हर्सल बाईसाहेबांच्या स्क्रूला फक्त खाच. नाणं घाला आणि फिरवा.

नाणं! कोणाच्या खिशात नाणं आहे सांगा बरं आज! चहा यूपीआय, पार्किंग यूपीआय, देवळाबाहेरचा हारवालासुद्धा गळ्यात क्यूआर अडकवून बसतो. माझ्या खिशात दोन लेन्स कॅप, एक मेमरी कार्ड आणि कालची पार्किंगची पावती. असिस्टंट पोरगा नखाने फिरवायला लागला. मग बाइकची किल्ली घेतली, ती सटकली आणि कॅमेऱ्याच्या पोटावर पांढरा ओरखडा. मामांनी दहाचं नाणं दिलं. ते जाड, खाचेत शिरेना. एका मावशींनी अंबाड्यातली पिन काढून दिली. वाकली. शेवटी गुरुजीच म्हणाले, “हा घ्या, पण परत ठेवा.”

रुपया बसला. प्लेट निघाली. जुनी लावली, कॅमेरा ट्रायपॉडवर चढवला, मान वर केली, तर मुलीला कुंकू लावून झालेलं, ओटी भरून झालेली, पुडा देऊन झालेला आणि सगळे पेढे खातायत. मुलीची चुलतबहीण जवळ आली आणि अगदी प्रेमाने म्हणाली, “दादा, मी मोबाइलवर घेतलंय सगळं. पाठवू का?”

बघितलं मी ते. एकदम स्टेडी होतं. तिच्या आईला...

असो. आई चांगली होती तिची. पेढा दिला मला.

मला एकदा त्या माणसाला भेटायचंय जो खोक्यांवर ‘युनिव्हर्सल’ छापतो. कोणत्या विश्वातला रे तू? विश्व सोड, सदाशिव पेठेत राहणाऱ्या एका माणसाच्या एका बॅगेतल्या दोन वस्तूंना तरी बसेल असं एक काहीतरी बनव. मागच्या दिवाळीत कॅमेऱ्याला वरून धरायचं हँडल मागवलं, 2,200 रुपये. आलं तर स्क्रूच्या दोन बाजूंना दोन बारीक खुंट्या. हँडल गर्रकन फिरू नये म्हणून असतात, कल्पना उत्तम आहे, मान्य. पण त्या खुंट्या बसायला केजला, म्हणजे कॅमेऱ्याभोवतीच्या चौकटीला, भोकं लागतात आणि माझ्या केजला ती नाहीत. जाहिरातीच्या फोटोत खुंट्या दिसल्या का? अजिबात नाही. फोटो वरून काढलेला. भाऊबीजेच्या दिवशी मी बाल्कनीत बसून कानशीने खुंट्या घासत होतो आणि बहीण ओवाळायला ताट घेऊन उभी.

आणि स्क्रूंचं तर बोलूच नका. पाव इंच आणि तीन अष्टमांश. जगभर दोनच मापं, तरी प्रत्येक वेळी माझ्या हातात दुसरंच. ऑनलाइनवाल्या कस्टमर केअरला तीन वेळा फोन केला, ती मुलगी म्हणाली, “सर, स्टँडर्ड स्क्रू आहे सर.” वैतागून बोहरी आळीत गेलो. तिथल्या चाचांनी केज हातात घेतला, एका भोकावर अंगठा फिरवला, “दोन सूत, वीस आटे. ये दूसरा तीन सूत.” झालं! चार सेकंद. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आटे इंचाला वीस. वर बजावून सांगितलं, सहा एमएमचा बोल्ट घालू नका, दिसतो तसाच पण आटे खातो. हे मला आधी कळलं असतं तर! कारण सहा एमएमचा मी घातलाच होता. आधीच्या लग्नात. जेमतेम दोन आटे गेला, अडकला, मी ‘जाईल की’ म्हणून पान्याने जोर दिला. त्या भोकात आता काहीच बसत नाही.

कॅमेऱ्यातलं चित्र मॉनिटरला नेणारी एचडीएमआय केबल आहेच. कॅमेऱ्याला मिनी, मॉनिटरला फुल, आणि घरी ड्रॉवरमध्ये केबली पाच, त्यातल्या तीन मायक्रो. मायक्रो लागणारी एकही वस्तू माझ्याकडे नाही. तरी तीन! तापकीर गल्लीत “मिनी द्या” म्हणावं तर तो काउंटरवरून मायक्रो सरकवतो, “हीच हो मिनी, एकच असतं.” एकच नसतं रे बाबा. तू ती घालून दाखव, तुझ्या गल्ल्यावर मी हार घालतो.

या सगळ्याचं मूळ 2008 सालात आहे. कॅननने फाइव्ह डी मार्क टू काढला, फोटोच्या कॅमेऱ्यात फुल एचडी व्हिडिओ आला आणि आपण सगळे वेडे झालो. काय ती मागची धूसर बॅकग्राउंड! पण धड फोटोचंच राहिलं, दोन हातांत धरून डोळ्याला लावायचं. मग व्हिडिओसाठी त्याला खांदा लावा, दांड्या लावा, कान लावा, डोळा लावा. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. मॉनिटर घेतला म्हणून बॅटरी प्लेट घेतली. पुढे वजन झालं म्हणून मागे दीड किलोचं लोखंड टांगलं. म्हणजे कॅमेरा उचलायला हलका व्हावा म्हणून मी त्याला लोखंड बांधलं. कॅमेरा लेन्ससकट सव्वा किलो, सगळं लेणं घातल्यावर साडेपाच. माझा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आहे, शिंपी मोजताना दोनदा बघतो.

(आणि माझा कॅमेरा 29 मिनिटं 59 सेकंदांनी आपोआप रेकॉर्डिंग थांबवतो, त्याचं काय? अर्ध्या तासाच्या पुढे रेकॉर्ड केलं तर युरोपात व्हिडिओ कॅमेरा म्हणून जकात पडायची, म्हणून कंपन्यांनी आधीच गळा आवळून ठेवला. जकात तिकडची आणि रेकॉर्डिंग बंद पडतं आमच्या पाचव्या मंगलाष्टकाला. विषय वेगळा आहे, माहितीय. पण आठवलं की डोकं फिरतं.)

आता खरं सांगू? फॉलो फोकस, म्हणजे बाजूच्या चाकाने लेन्सचा फोकस फिरवायचं यंत्र, ते पण आहे माझ्याकडे. साडेसहा हजारांचा. 15 एमएमच्या दांड्या, मध्ये 60 एमएम अंतर, दातेरी चाक, लेन्सवर रबरी पट्टा. पांढऱ्या चकतीवर मार्करने सुंदर खुणा केल्या: इथे नवरी, इथे नवरदेव, इथे मामा. रिहर्सलला नवरी बरोबर आली. टेकला नवरीच्या खुणेवर मामा. दुसऱ्या टेकला खांब. तीन दिवस दाते तपासले, पट्टा आवळला, दुकानदाराच्या सात पिढ्या काढल्या. चौथ्या दिवशी कळलं की कॅमेऱ्याबरोबर आलेल्या माझ्या किट लेन्सची रिंग नुसतीच गोल गोल फिरते, तिला सुरुवात नाही, शेवट नाही. आतली मोटर फोकस हलवते, तेही रिंग किती जोरात फिरवली त्या हिशोबाने. खुणा करून काय उपयोग? नदीच्या पाण्यावर रेघा मारल्या मी. आणि कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बोट टेकवलं की फोकस आपोआप जातो, अगदी लोण्यासारखा. ही सोय पहिल्या दिवसापासून होती. नाचता येईना अंगण वाकडं, तसं आमचं फोकस जमेना आणि दांडी वाकडी.

तरी फॉलो फोकस काढलेला नाही. लेन्सवर येणारा उजेड अडवायचा मॅट बॉक्सही नाही, वाइड लेन्सला त्याचे कोपरे काळे दिसतात तरी. कारण तो लावून हॉलमध्ये शिरलो की लोक वाट सोडतात. मॅट बॉक्स नसेल तर “ए फोटोवाल्या”, असेल तर “सर, जेवून घ्या आधी”. हे कुठल्याच रिव्ह्यूमध्ये सांगत नाहीत. तिथे एक गोरागोमटा मुलगा पांढऱ्या टेबलावर टिक-टिक करत सगळं बसवतो, एकाही स्क्रूला त्याला रुपया लागत नाही.

गुरुजींना रुपया परत दिला. वर दहा ठेवले, अर्थात यूपीआयनेच. त्यांच्या पिशवीच्या आतल्या बाजूला क्यूआर चिकटवलेला होता.

घरी येऊन बॅग भरताना पाहिलं, तर त्या युनिव्हर्सल प्लेटच्या खाचेत कुंकू बसलंय. विड्यावरच्या रुपयाचं. कापसाने पुसलं, निघालं नाही. असिस्टंट पोराने प्लेट हातात घेतली, खाच पाहिली आणि बॅगेत टाकायच्या आधी चटकन नमस्कार केला. मी काही बोललो नाही.